‘बिनशस्त्रक्रिया’ सौंदर्योपचारांना लगाम कुणाचा?

गोंदिया : चेहऱ्यावरील सैल पडलेली त्वचा शस्त्रक्रियेविना, फारशा वेदनेविना आणि तासाभरात घट्ट करून देण्याचे आश्वासन आता महानगरांपुरते राहिलेले नाही. मोबाइलच्या पडद्यावरून ते तिरोडा, आमगाव, देवरीपर्यंत पोहोचले आहे. गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर असलेले नागपूर हे अशा उपचारांचे जवळचे मोठे केंद्र. लग्नसराईच्या तोंडावर सौंदर्योपचारांवर खर्च करण्याची तयारी मध्यमवर्गातही वाढली आहे. मात्र ‘शस्त्रक्रिया नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावला जात असल्याने या उपचारांची शास्त्रीय आणि कायदेशीर बाजू तपासून पाहण्याची गरज निर्माण झाली आहे.

उपचार नेमका काय?

या प्रकारात दोन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. पहिली केंद्रित अल्ट्रासाऊंडची. ती ‘हायफू’ या नावाने ओळखली जाते. यात ध्वनिलहरी त्वचेखाली सुमारे दीड ते साडेचार मिलिमीटर खोलीवर एकवटल्या जातात आणि तेथील सूक्ष्म बिंदूंचे तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते. दुसरी पद्धत रेडिओ लहरींची. तिच्यातही उष्णता हेच साधन असते. उष्णतेने झालेली सूक्ष्म इजा भरून काढताना शरीर कोलॅजन हे प्रथिन नव्याने तयार करते आणि त्वचा काही प्रमाणात आवळली जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रेडिओ लहरींच्या यंत्राला २००२ मध्ये डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी, तर अल्ट्रासाऊंडच्या यंत्राला २००९ मध्ये भुवया उचलण्यासाठी मान्यता दिली.

म्हणजेच हे शास्त्र बनावट नाही. पण त्याच्या मर्यादा जाहिरातीत अभावानेच सांगितल्या जातात. परिणाम दिसण्यास दोन-तीन महिने लागतात, तो सौम्य असतो आणि कायमस्वरूपी नसतो. त्वचा किंचित सैल झालेल्यांना फायदा होतो. गाल व गळा बराच ओघळलेल्या व्यक्तीला शस्त्रक्रियेसारखा बदल यातून मिळत नाही. वेदनाही पूर्णपणे टळत नाहीत. हाडाजवळच्या भागात टोचल्यासारखे जाणवते, म्हणून बधिरतेचे मलम किंवा वेदनाशामक गोळी द्यावी लागते.

धोका कुठे?

चेहऱ्याच्या त्वचेखाली चरबीचा थर आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या नसा असतात. खोली वा ऊर्जेचा अंदाज चुकल्यास भाजणे, चरबी झिजून खड्डा पडणे किंवा नसेला इजा होऊन ओठ-भुवईची हालचाल मंदावणे, असे परिणाम संभवतात. विदर्भातील सावळ्या त्वचेला भाजल्यास काळे डाग दीर्घकाळ राहण्याची शक्यता अधिक. पेसमेकर बसविलेल्यांना रेडिओ लहरींचा उपचार वर्ज्य मानला जातो. गर्भवतींनीही असे उपचार टाळावेत, असा वैद्यकीय संकेत आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या याच प्रशासनाने सूक्ष्म सुया आणि रेडिओ लहरी एकत्र वापरणाऱ्या यंत्रांबाबत सावधगिरीचा इशारा दिला. भाजणे, व्रण, चरबी नष्ट होणे, चेहरा विद्रूप होणे आणि नसांना इजा, अशा तक्रारी त्यात नोंदविल्या होत्या. हा वैद्यकीय उपचार आहे, घरी करण्याचा सौंदर्यप्रयोग नव्हे, असेही त्यात बजावले होते.

कायदा काय सांगतो?

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. २०१७ च्या नियमांनुसार जोखमीप्रमाणे त्यांचे चार वर्ग पडतात. हे नियम प्रामुख्याने उत्पादन, आयात आणि विक्रीला बांधतात. यंत्र चालविणारा हात कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर अन्यत्र शोधावे लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्योपचार व केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले ज्ञान असे उपचार सुरू करण्यास पुरेसे नाही, असे त्यात स्पष्ट केले. परंतु आयोगाचा अंकुश डॉक्टरांवर चालतो. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने ऑनलाइन बाजारातून यंत्र घेऊन ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत ठेवले, तर तिच्यापर्यंत हा अंकुश पोहोचत नाही. खरी फट येथे आहे. ती बुजविण्यासाठी तपासणीचे काम स्थानिक यंत्रणेलाच करावे लागेल. तक्रार आल्यावर पंचनामा करण्यापेक्षा आधी तपासणी करणे केव्हाही स्वस्त पडते.

ग्राहकाच्या हाती काय?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली. तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे उपचार नागपुरात झाला असला तरी सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या रहिवाशाला गोंदियातील आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची असते. मात्र त्यासाठी पावती, यंत्राचे नाव, संमतिपत्र आणि उपचारापूर्वीची छायाचित्रे हाती असणे आवश्यक ठरते. पावतीच न देणाऱ्या केंद्राविरुद्ध बाजू मांडणे कठीण जाते.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे हिताचे आहे. उपचार करणाऱ्याची पदवी व नोंदणी क्रमांक काय? यंत्र कोणत्या कंपनीचे आणि ते कायदेशीर मार्गाने आलेले आहे काय? भाजल्यास तातडीने उपचार कोण करणार? आणि आपल्या त्वचेला याची खरोखर गरज आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर उपचार विकणाऱ्याकडून मिळेलच असे नाही. ते उपचाराशी आर्थिक हितसंबंध नसलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडून घेणे श्रेयस्कर. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, याचा विसर पडू नये.

धानाच्या बांधावर उन्हात राबणाऱ्यांच्या जिल्ह्यात त्वचा अकाली सुरकुतण्याचे एक मोठे कारण सूर्यप्रकाश आहे, दुसरे तंबाखूचे धूम्रपान. डोक्यावर पदर वा टोपी, उन्हापासून रक्षण करणारे मलम आणि विडीला नकार, हे उपाय यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. ज्यांना त्यापुढे जायचे आहे त्यांनी जरूर जावे. पण चेहरा स्वाधीन करण्यापूर्वी समोरच्याची पात्रता तपासूनच.