जुना संगणक, नवी कार्यप्रणाली

जोयडा तालुक्यातील आमच्या एका वाचकांचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. घरी दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आहे. मुलगी महाविद्यालयात शिकते, आणि वाचक स्वतः धर्मग्रामाच्या गायकवृंदाची गीते त्यावर टंकलिखित करतात. दुरुस्तीवाल्याने आता स्पष्ट सांगितले की, हा जुना झाला, नवा घ्या. नव्याची ऐपत नाही, आणि जुना तर अजून चालतो आहे. ‘लिनक्स म्हणून काही फुकट मिळते म्हणतात, ते घरच्या नित्य कामास चालेल काय?’ असे त्यांनी विचारले आहे. हा प्रश्न एकाच घरचा नाही, यास्तव उत्तर येथे देत आहोत.

दुरुस्तीवाला अगदीच खोटे बोलला नाही. विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ साठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक काळानंतरचा प्रोसेसर लागतो. पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नसतात. म्हणजे यंत्र निकामी झालेले नाही, त्यावरील राखण तेवढी उठली. चांगली वस्तू केवळ जुनी म्हणून टाकून देण्याच्या वृत्तीविषयी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात काय म्हटले आहे, ते वाचकांच्या स्मरणात असेलच.

आणखी एक गोष्ट बोलावयास अवघड, पण बोललीच पाहिजे. बाजारात ‘फॉरमॅट मारून’ दोन-चारशे रुपयांत विंडोज घालून मिळते, ती प्रत बहुधा चोरीची असते. गिऱ्हाइकास हे ठाऊक नसते, किंवा तो विचारीत नाही. सातव्या आज्ञेवर आपण मुलांना धर्मशिक्षण देतो आणि त्याच घरात असली प्रत चालू असते. आम्हीही एके काळी न विचारणाऱ्यांपैकीच होतो.

लिनक्सचे तसे नाही. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी: कळफलक, पडदा, छपाईयंत्र, फायली या साऱ्यांचा मेळ तो घालतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असा कारभारी सर्वांस मोकळा असावा म्हणून जीएनयू हा प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्‌स याने त्याचा गाभा, म्हणजे लिनक्स, लिहून जगापुढे ठेवला. त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, शेजाऱ्यास द्यावी. परवाना स्वतःच तशी मोकळीक देतो. प्रत वाटण्यात येथे दोष नाही. केरळातील सरकारी शाळांतून अशीच प्रणाली कित्येक वर्षे वापरात आहे, आणि आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती काढली.

आवृत्त्या मात्र शेकडो, आणि नवखा माणूस तेथेच गोंधळतो. डेबियन १९९३ पासूनची, भारदस्त आणि स्थिर. उबुंटू २००४ ची. ‘माणुसकी’ अशा अर्थाचे तिचे आफ्रिकी नाव आम्हांस फार आवडते, पण नावावरून बैल घेत नाहीत. घरगुती कामासाठी आम्ही लिनक्स मिंट सुचवितो. ती २००६ पासून निघते, आणि विंडोजची सवय असलेल्यास तिच्यात परके वाटत नाही. चार जीबी स्मृतीच्या यंत्रावर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालावी. फार जुन्या ३२-बिट यंत्रांना मात्र नव्या आवृत्त्या आता सोडून देऊ लागल्या आहेत. ते आधी पाहून घ्यावे.

जोयड्याच्या जंगलभागात नेटवर्कची रड असते, हे खरे. परंतु मिंटची फाईल सुमारे तीन जीबीची. ती दांडेलीस किंवा बेळगावास एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घेतली की तीच गावातील दहा यंत्रांना पुरते. त्याच पेनड्राइव्हवरून, यंत्रातले काही न पुसता, प्रणाली चालवून पाहता येते. ध्वनी, वायफाय, छपाईयंत्र चालतात की नाही, ते आधी तसेच पाहावे.

आता लिहिण्याचे. मिंटमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कळफलक जोडता येतात. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘क’ची कळ दोन्ही लिप्यांस एकच, म्हणून मराठी टंकन शिकलेल्या मुलीला कन्नड टंकन वेगळे शिकावे लागत नाही. कोकणी कन्नड लिपीत लिहिणाऱ्या घरांनाही हे सोयीचे. (विंडोजमध्येही ही सोय आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.) फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापावे लागले, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आज खिळे उदंड आहेत. अडचण निराळीच आहे.

ती अशी की, युनिकोडपूर्व काळातील फाँटांत टंकलिखित केलेल्या फायलींत मराठी अक्षरे नसतातच; असतात इंग्रजी चिन्हे, त्यांवर मराठी आकारांचे पांघरूण. तो फाँट गेला की ‘हे प्रभो’च्या जागी निव्वळ भेंडोळे दिसते. पत्रलेखकांची गीते अशाच फाँटात असतील तर विंडोज पुसण्याआधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी, आणि एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. यात घाई करणाऱ्याचे वर्षांचे काम एका दुपारी जाते.

ज्या घरी टॅलीवर दुकानाचे हिशेब चालतात, किंवा छापखान्यास कोरलड्रॉची फाईल द्यावी लागते, त्यांनी विंडोज मोडू नये. रीतसर परवाना घ्यावा. मुलीच्या महाविद्यालयाची परीक्षा एखाद्या खास प्रोग्रामवर होत असेल तर तेही आधी विचारावे. बाकी पत्रे, अर्ज, हिशेबाचे तक्ते यांना लिब्रेऑफिस, आणि इंटरनेटला फायरफॉक्स पुरतात. ती मिंटबरोबरच येतात.

आमच्या स्वतःच्या दप्तरात जुन्या फाँटातील एकशे चाळीस गीते निघाली. आजवर बासष्ट बदलून झाली आहेत. रफारांनी फार छळले. ती पुरी होईपर्यंत जुना संगणक पुसावयाचा नाही, असे आम्ही ठरविले आहे. पत्रलेखकांनीही तोवर थांबावे.