डोकं दुखतंय, की मन?

आमच्या बचत गटाच्या बैठकीला ती कधी चुकायची नाही. हप्ता वेळेवर, वही नीटनेटकी आणि बैठक संपली की चहाचे कप विसळायलाही तीच पुढे. गेल्या दिवाळीनंतर मात्र तिचं येणंच बंद झालं. निरोप पाठवला की उत्तर यायचं, "डोकं दुखतंय, पुढच्या वेळी येते." (तिला विचारूनच हे लिहिते आहे. ओळखीच्या खुणा तेवढ्या बदलल्या आहेत.)

शेवटी एक दिवस मीच तिच्या घरी गेले. घर झाडलेलं, स्वयंपाक झालेला, मुलांचे डबे गेलेले. सगळं जागच्या जागी. ती मात्र ओट्याशी नुसतीच उभी. डोकं दुखतं म्हणून डोळे तपासले, चष्मा लागला. कंबर दुखते म्हणून एक्स-रे झाला. "सगळं नॉर्मल आहे म्हणतात. मग मला पहाटे तीनलाच जाग का येते हो ताई?" तिनं विचारलं.

मैत्रिणींनो, तेव्हा मी काय म्हणाले असेन? तुम्ही-आम्ही सगळ्याच म्हणतो तेच! "मन रमव गं कशात तरी. नवरा निर्व्यसनी आहे, मुलं हुशार आहेत, तुला कसली काळजी? संध्याकाळी हरिपाठ म्हणत जा." तिनं मान डोलावली, मला चहा करून दिला. आणि मी मोठं समाजकार्य केल्याच्या थाटात घरी आले.

तीन आठवड्यांनी भर दुपारी तिचा फोन आला. "ताई, मळ्यातल्या विहिरीवर एकटीनं जायची भीती वाटते. विहिरीची नाही, माझीच भीती वाटते."

हातातलं काम टाकून मी धावत गेले. या वेळी उपदेश केला नाही. शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारलं तर नसता विचार डोक्यात शिरेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं या जाणिवेनंच माणूस मोकळं होतं. ती कितीतरी वेळ रडत होती. नवरा घरी येईपर्यंत मी तिथून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी आधी थायरॉईडची तपासणी करायला लावली, कारण थायरॉईड कमी झालं तरी असाच थकवा, अशीच उदासी येते. ते ठीक निघालं. आजाराचं नाव होतं नैराश्य, म्हणजे डिप्रेशन.

घरी सासूबाई कडाडल्या. "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंत? लोक काय म्हणतील?" मी काही बोलले नाही. पण चार दिवसांनी त्याच मला ओसरीवर बसवून हळू आवाजात म्हणाल्या, "थोरला झाला तेव्हा मलाही असंच व्हायचं. लेकराकडे बघूसुद्धा वाटायचं नाही. सगळे म्हणाले, बाहेरचं झालंय. उतारे टाकले, अंगारे लावले. पण तुला काय होतंय गं, असं एकानंही विचारलं नाही."

बघा, एकाच घरातल्या दोन पिढ्या!

खरं सांगू? घरात कोण रुसलंय, कुणाचा पेपर अवघड गेलाय, कुणाच्या कपाळाला आठी आहे, हे बाईला न सांगता कळतं. तिच्या मनाची विचारपूस मात्र कुणाच्या कामाच्या यादीत नसते. "मला उदास वाटतं" म्हटलं तर "नसते लाड" ठरतात. डोकं दुखतं म्हटलं तर निदान गोळी तरी मिळते. मग मनाचं दुखणं डोक्यातून, कंबरेतून, छातीतल्या धडधडीतून बोलायला लागतं. ते ढोंग नसतं, ती वेदना खरीच असते.

वाईट दिवस सगळ्यांनाच येतात. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटत असेल, तर अंगावर काढू नका. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून "फरक नाही" म्हणत मध्येच सोडू नका आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. दवाखाना लांब असेल तर 14416 हा 'टेलि-मानस'चा सरकारी क्रमांक आहे. 2022 मध्ये तो सुरू झाला. फोन फुकट, दिवसरात्र चालू आणि मराठीत बोलता येतं. लोकांत बभ्रा होईल ही भीतीही नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. पण कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोललं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या.

आणि हो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, "या दिवसभरात बसतात कधी?" त्याला उत्तर देता आलं नाही. आता सकाळचं दूध तो काढतो, मुलं आपापली ताटं घासतात. आणि सासूबाई? त्या गोळीची वेळ घड्याळ बघून सांभाळतात!

मला मात्र ते तीन आठवडे अजून टोचतात. माझ्या उपदेशानं तिचं तोंड बंद केलं होतं. म्हणून आज एवढंच मागणं आहे. आजूबाजूची एखादी बाई "काही नाही गं, डोकं दुखतंय" म्हणाली, तर गोळी द्या, पण शेजारी बसाही. "आणखी काय होतंय?" एवढं विचारा आणि मग गप्प राहून ऐका. हे करायला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. आणि ती दुखणारी बाई तुम्ही स्वतःच असाल, तर आजच कुणाजवळ तरी बोला.

ती आता बैठकीला येते. अजून अधूनमधून गप्प असते, पण येते. कप विसळायला मात्र आम्ही तिला एकटीला उठू देत नाही. पाळ्या लावल्या आहेत!