सोबतीला आलेली मुलगी

काही वर्षांपूर्वी एका आजींचा रक्तदाब तपासत असताना त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मुलीकडे माझे लक्ष गेले. आजींना उठवणे-बसवणे, रात्री शौचास नेणे हे सारे तीच करीत असे. तिच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज होती, पापण्यांचा आतला भाग फिकट पडला होता. मी वय विचारले, तेव्हा सूनबाईंनीच ‘अठरा’ असे उत्तर दिले. मुलगी खाली पाहत राहिली. मी मलम आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तिचे गाव कोणते, आईशी शेवटचे बोलणे केव्हा झाले, हे मात्र विचारले नाही. पुढच्या खेपेस सोबतीला दुसरीच मुलगी होती.

मानवी तस्करी म्हटले की दूरच्या शहरात फसवून नेलेली तरुणी डोळ्यांसमोर येते. तसे घडतेच, परंतु आपल्या जिल्ह्याचा संबंध आलेले एक प्रकरण निराळे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी समाजाच्या सुमारे दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात अशी मुले मेंढ्या राखण्यासाठी दिली जात असल्याचे त्यानंतर उजेडात आले. आपल्या जिल्ह्यातील मेंढपाळांकडेही अशी मुले राबत होती. (मेंढपाळांची स्वतःची लेकरेही कळपाबरोबर फिरतात, त्यामुळे प्रत्येकाकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल.)

‘आईबापांनीच पाठवले, उचलही घेतली,’ असे समर्थन हमखास ऐकू येते. वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. त्यानुसार असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात येते. शिवाय चौदा वर्षांखालील मुलास घरकामास ठेवणे हा गुन्हा आहे, मग पोटभर जेवण दिले तरीही.

पारावर किंवा ओट्यावर बसणाऱ्या ज्येष्ठांना वस्तीतला नवा चेहरा सर्वांआधी दिसतो. शाळेच्या वेळी कामावर असलेले, गावाचे नाव सांगताना अडखळणारे, प्रश्न विचारताच मालकाच्या तोंडाकडे पाहणारे मूल दिसले, तर त्याच्याशी दोन शब्द मायेने बोलावे. अंगावर निरनिराळ्या काळातले व्रण असतील तर अधिकच सावध व्हावे. मात्र मालकाला जाब विचारू नये. रातोरात मूल हलवले जाते. १०९८ हा बालकांसाठीचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तातडीच्या धोक्यात ११२, तर प्रौढ स्त्रीसाठी १८१ आहे. खात्री करून घेणे हे त्यांचे काम. आपण शंका कळवावी.

घरी रुग्णसेवेसाठी मुलगी ठेवणाऱ्यांनी वयाचा मूळ दाखला स्वतः पाहावा. तिचे आधारकार्ड दलालाकडे आहे काय? पगार कोणाच्या हाती पडतो? तिला घरी दूरध्वनी करता येतो काय, हेही विचारावे. थकलेल्या सूनबाईंना आयती मदत मिळाली की हे प्रश्न नकोसे वाटतात, हे मी जाणतो.

हल्ली वृद्ध रुग्णाबरोबर आलेल्या मुलीलाही मी बसावयास खुर्ची देतो. नातेवाइकांना औषधे आणावयास धाडून, परिचारिकेसमक्ष, आधी तिची विचारपूस करतो.