स्वतः लिहिलं, तरी 'एआय'चं ठरलं!

समजा, तुमच्या मुलीने तीन रात्री जागून इंग्रजीत प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिला. कॉलेजने तो एका सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि उत्तर आलं, 'हे एआयने लिहिलंय.' "मॅडम, मीच लिहिलंय," असं ती म्हणेल, पण पुरावा कुठून आणणार?

ही भीती उगाच नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एआयचं लिखाण ओळखणारे सात प्रोग्रॅम तपासले. टोफेल या इंग्रजी परीक्षेसाठी परभाषिक विद्यार्थ्यांनी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले! अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सहीसलामत सुटले.

असं का व्हावं? हे प्रोग्रॅम पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो ते पाहतात. शब्द ओळखीचे, वाक्यं सरळ, म्हणजे संशय. आता आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेलं मूल, लातूरचं असो की इंदूर-बडोद्याचं, इंग्रजी कसं लिहितं? चूक नको म्हणून जपून, शिकवलेल्याच शब्दांत. म्हणजे नेमकं तेच अडकणार. गंमत पुढेच आहे. संशोधकांनी तेच निबंध चॅटजीपीटीकडून भारदस्त शब्दांत सजवून घेतले, तर संशयाचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आत आलं. प्रामाणिक अडकला, मदत घेतलेला सुटला.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं. कारण दिलं, अचूकता कमी. अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशेब मांडला. वर्षाला ७५,००० पेपर तपासले आणि चूक फक्त एक टक्का धरली, तरी ७५० जणांवर खोटा आळ. त्यांनीही ती सोय बंद केली.

पण शिक्षकांची अडचणही खोटी नाही. इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठात संशोधकांनी ३३ बनावट विद्यार्थ्यांच्या नावाने एआयची उत्तरं ऑनलाइन परीक्षेत दिली. ९४ टक्के उत्तरांवर कुणालाच संशय आला नाही, उलट बहुतेकांना खऱ्या मुलांपेक्षा जास्त गुण पडले. मग प्राध्यापकांनी धसका घेतला तर त्यांना काय बोलायचं?

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातलं १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. हे आकडे दुसऱ्याच्या मजकुराशी जुळण्याचे आहेत. एआयची टक्केवारी म्हणजे निव्वळ अंदाज, ती वेगळी. रिपोर्ट हातात आला की आधी पाहा, आकडा कशाचा आहे?

आणि मुलांनो, आजपासून एक सवय लावा. लिखाण गूगल डॉक्समध्ये करा. तिथे कोणत्या दिवशी काय लिहिलं, काय खोडलं, याचा इतिहास आपोआप राहतो. वहीतली कच्ची टिपणंही रद्दीत टाकू नका (आईने आवरायला काढली तरी!). आळ आलाच, तर रडारड न करता हे सगळं घेऊन सरांकडे जा आणि म्हणा, "सर, यावर मला तोंडी विचारा."