विनोद शिळा नाही, नेम चुकला

विनोदी चित्रपटाचा पुढचा भाग आला की बघून बाहेर पडणाऱ्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पहिल्याची सर नाही, तेच तेच विनोद पुन्हा उगाळलेत. दुसरा म्हणतो, फार डोकं लावू नका, पोट दुखेपर्यंत हसायला मिळतं, आणखी काय हवं? रोवन अ‍ॅटकिन्सनच्या ‘जॉनी इंग्लिश’ मालिकेबाबत, आणि विशेषतः तिच्या २०११ सालच्या ‘जॉनी इंग्लिश रीबॉर्न’ या दुसऱ्या भागाबाबत, हा वाद हमखास रंगतो. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण त्यांचं बोलणं एकमेकांना भिडत नाही. याचं कारण साधं आहे. असा चित्रपट एकाच वेळी दोन कामं करत असतो. एक, तो बाँडछाप हेरपटांची टर उडवतो. दोन, नायकाची यथेच्छ फजिती करून हसवतो. यातली टर शिळी होते, फजिती सहसा होत नाही. एका तटाने पहिल्या कामाचे गुण दिलेले असतात, दुसऱ्याने दुसऱ्या कामाचे. म्हणून ‘तेच तेच’ ही तक्रार मुळातच तपासून घ्यायला हवी. पुनरुक्ती हा या जातीच्या चित्रपटाचा दोष नव्हे. ज्याची टर उडवायची ते बदललं आणि टर मात्र जुनीच राहिली, तर तो दोष.

आधी व्यवहाराची बाजू पाहू. या मालिकेचे तीन भाग आले: २००३, २०११ आणि २०१८. तिन्हींचे दिग्दर्शक वेगळे, मधली अंतरं मोठी, समीक्षकांचा सूर तिन्ही वेळा नाराजीचा. तरीही प्रत्येक भागाची जगभरातली कमाई सोळा कोटी डॉलरच्या आसपासच राहिली. अमेरिकेतलं चित्र मात्र पार वेगळं. पहिल्या भागाने तिथे पावणेतीन कोटी डॉलरच्या वर मजल मारली, दुसऱ्याला एक कोटीही गाठता आले नाहीत, तिसरा तर पन्नास लाखांच्या आतच अडकला. म्हणजे एका मोठ्या बाजाराने पाठ फिरवत नेली, तरी बाकी जगाने दर वेळी तितकाच गल्ला भरून दिला. याचं एक उत्तर अ‍ॅटकिन्सनच्या चेहऱ्यात आहे. ‘मिस्टर बीन’ बघायला इंग्रजी यावं लागत नाही. आपल्याकडेही टीव्हीसमोर बसलेल्या आजीला आणि नातवाला तो सारखाच कळला. शब्दांवाचून चालणाऱ्या विनोदाला सीमा फारशा आडव्या येत नाहीत, आणि बाकी जग तिकीट काढत राहिलं ते या विनोदासाठी. तेव्हा गल्ल्याचा दाखला देऊन ‘लोकांना आवडला’ म्हणणाऱ्यांचं खरं आहे, पण अर्धंच. फजिती अजून खपते, एवढंच त्यातून दिसतं. टर जमली की नाही, याबद्दल गल्ला काही सांगत नाही.

टर जमणं का अवघड होतं, हे समजायला त्या काळातल्या बाँडपटांकडे बघावं लागतं. पहिला ‘जॉनी इंग्लिश’ लिहिणाऱ्या तिघांपैकी नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड ही जोडी खुद्द बाँडपटांची लेखक. २००२ साली आलेला ‘डाय अनदर डे’ त्यांचाच. त्यात अदृश्य होणारी मोटार आहे आणि संगणकाने रंगवलेल्या लाटेवर स्वार होणारा बाँड आहे. असला प्रकार गंभीर चेहऱ्याने समोर आला की विडंबनकाराला कष्टच उरत नाहीत. ज्या हातांनी ती मोटार अदृश्य केली, त्याच हातांनी पुढच्याच वर्षी तिची टवाळी लिहावी, हे त्यामुळेच सोपं गेलं. त्याआधी १९९७ पासून ‘ऑस्टिन पॉवर्स’नेही हेच कुरण मनसोक्त चरून घेतलं होतं. पुढे बाँड बदलला. २००६ च्या ‘कसिनो रॉयाल’मध्ये डॅनियल क्रेग आला तो रक्तबंबाळ, घामाघूम आणि चमत्कारिक उपकरणांना जवळपास रजा देऊन. माइक मायर्सच्या ‘ऑस्टिन पॉवर्स’ने जुन्या बाँडची इतकी थट्टा करून ठेवली होती की आम्हाला वेगळी वाट धरावीच लागली, अशा आशयाची कबुली क्रेगने नंतर दिली. थोडक्यात, विडंबनाने आपलं सावज जंगलातून पळवून लावलं. २०११ साली ‘रीबॉर्न’ आला तेव्हा हसण्याजोगा तो जुना बाँड पडद्यावर उरलाच नव्हता. दुसऱ्या भागापुढचा खरा पेच हा होता.

या पेचाला ‘रीबॉर्न’ने दिलेलं सर्वांत चोख उत्तर हाँगकाँगच्या पाठलागात सापडतं. ‘कसिनो रॉयाल’च्या सुरुवातीला बांधकामाच्या जागेवर एक दीर्घ पाठलाग आहे. पळणारा माणूस भिंतींवरून, क्रेनवरून माकडासारख्या उड्या मारत जातो आणि मागचा बाँड भिंत फोडून निघतो. ‘रीबॉर्न’मधला तरुण शत्रूही तसाच उड्या मारत पळतो. मागे सुटाबुटातला, वयाची पंचावन्न ओलांडलेला जॉनी इंग्लिश. तो धावत नाही. समोरचा कुंपणावर झेप घेतो, हा शेजारचं फाटक उघडून आत शिरतो. समोरचा जीव मुठीत घेऊन इमारतीवरून उतरत जातो, हा लिफ्ट गाठतो. अखेर दमछाक होते ती तरुणाची. याचा टायसुद्धा जागचा हललेला नसतो. या प्रसंगात टर आणि शारीरिक विनोद एकजीव झालेत. हसू येतं ते अ‍ॅटकिन्सनच्या संथ, शिष्ट चालीचं, आणि त्याच हसण्यातून नव्या बाँडचं वर्म उघडं पडतं: इतका घाम गाळायची मुळात गरज काय होती? वयाचा दाखलाही नेमका बसतो, कारण रॉजर मूर १९८५ साली सत्तावन्नाव्या वर्षी बाँडच्या वेषात गंभीरपणे पळत होता. इथे पळवाट जुनी असली तरी नेम ताजा आहे. गुप्तहेर खात्याच्या मुख्यालयावर ‘टोशिबा’ कंपनीची पाटी झळकते, तो प्रसंगही याच तोडीचा. बाँडपटांत घड्याळापासून मोटारीपर्यंत कंपन्यांची नावं मिरवतात. इथे देशाची हेरगिरीच प्रायोजकाच्या ओटीत टाकली आहे.

आता ज्या पुनरुक्तीवर सगळ्यांत जास्त बोट ठेवलं जातं तिच्याकडे वळू. चित्रपटात सफाई कामगाराच्या वेषातली एक वृद्ध मारेकरी स्त्री आहे. जॉनी तिच्यामागे लागतो आणि दर वेळी भलत्याच म्हाताऱ्या बाईवर तुटून पडतो. आधी वरिष्ठ अधिकाऱ्याची आई त्याच्या तावडीत सापडते, आणि शेवटी, जिच्या हातून त्याला सर किताब मिळायचा, ती खुद्द राणी. विनोद एकच, फक्त पायरी वर चढत जाते. पहिली चूक लाजिरवाणी, पुढची नोकरीवर बेतणारी, शेवटची राजद्रोहाच्या दारात नेणारी. धडपडीच्या विनोदाचं व्याकरणच हे आहे. तो एकदा घडला तर अपघात ठरतो, पुन्हा घडला तर स्वभाव, आणि तिसऱ्यांदा घडणार हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं, म्हणून तो हसायला तयार होऊन बसतो. इथे अनपेक्षिताइतकंच अपेक्षितही हसवतं. तेव्हा ‘पुढे काय होणार ते आधीच कळलं’ ही तक्रार रहस्यपटाला लागू होते, या प्रसंगाला होत नाही. पंतप्रधानांसोबतच्या बैठकीत खाली-वर होणारी खुर्ची घ्या. खुर्चीची दांडी बिघडते, जॉनी टेबलाखाली बुडत जातो, मग हळूहळू वर येतो, आणि देशाच्या सुरक्षेवरची चर्चा ऐकत असल्याचा त्याचा भाव तसूभरही ढळत नाही. यात नवं काही नाही. मूकपटांच्या काळात कुणीही हे करू शकलं असतं. पण पद आणि प्रतिष्ठा यांचा डोलारा एका दांडीवर उभा आहे, ही गोष्ट दर पिढीला नव्याने मजेशीर वाटते.

मग ‘रीबॉर्न’ फसतो कुठे? जिथे तो पुनरुक्ती करतो तिथे नाही; जिथे तो हेरपटाची नक्कल विनाविनोद करू लागतो तिथे. तीन तुकड्यांची किल्ली, ‘व्होर्टेक्स’ नावाची गुप्त टोळी, खात्यातलाच फितूर, स्वित्झर्लंडमधल्या बर्फात वसलेला किल्ला. हा सगळा ऐवज चित्रपट प्रामाणिकपणे, जवळपास भक्तिभावाने उलगडत नेतो. फितूर कोण हे प्रेक्षकाला फार आधी उमगतं. आता उमगलं म्हणून काही बिघडत नाही, पण त्या उमगण्यावर एकही विनोद रचलेला नाही. एवढ्या पट्ट्यात ना टर उरते, ना फजिती. राहतो तो दुय्यम दर्जाचा हेरपट. कंटाळलेल्या प्रेक्षकाला कंटाळा खरा येतो, मात्र त्याचं निदान चुकतं. विनोद पुन्हा आल्यामुळे आपण कंटाळलो असं त्याला वाटतं. वास्तविक तो विनोद थांबल्यामुळे कंटाळलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हसण्याचं असं शवविच्छेदन कशाला? हसू आलं तर आलं, नाही तर नाही. एखाद्या विनोदावर हसू येणं ही आवडीची गोष्ट आहे, हे मान्य. पण आपण मत सांगतो तेव्हा आवडीपलीकडचं काहीतरी सांगत असतो: दुसऱ्याने तिकीट काढावं की नाही, निर्मात्याने पुढचा भाग काढावा की नाही. ‘मला हसू आलं नाही’ या वाक्यावर वाद नाही. ‘विनोद शिळे आहेत’ या वाक्यावर आहे, कारण ते विधान आहे आणि त्याला पुरावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुढचा भाग बघायला माणूस जातोच मुळी ओळखीचं भेटावं म्हणून; मग नवा नेम धरा ही मागणी अवाजवी नाही का? ‘ऑस्टिन पॉवर्स’चा दाखला या बाजूने देता येतो. त्याच्या १९९९ सालच्या दुसऱ्या भागाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत जी कमाई केली, ती पहिल्या भागाच्या तिथल्या संपूर्ण कमाईहून किंचित जास्तच होती. मधल्या काळात लोकांनी पहिला भाग घरी व्हिडिओवर बघून पाठ केला होता आणि पाठ असलेलंच पुन्हा ऐकायला ते रांगा लावून गेले. पण त्या भागानेही नुसती उजळणी केली नाही. खलनायकाची बुटकी प्रतिकृती ‘मिनी-मी’ आणून जगावर राज्य करण्याच्या त्याच्या हौसेचीच खिल्ली उडवली. ओळखीची चाल ठेवायची आणि शब्द बदलायचे, हे तिथे साधलं. ओळख आणि नवेपणा यांतलं एकच निवडा, अशी सक्ती प्रेक्षकावर कुणी केलेली नाही.

नेम बदलता येतो याचे आणखी दोन पुरावे आहेत. फ्रान्समध्ये मिशेल आझानाविसियसने ‘ओएसएस ११७’ ही जुनी हेरमालिका हाती घेऊन २००६ आणि २००९ साली दोन विडंबनपट केले. पहिला १९५५ च्या कैरोत घडतो, दुसरा १९६७ च्या रिओत. दोन्हींत नायक तोच, ज्याँ द्यूजार्दँचं हसणं तेच, त्याचा उद्धट अडाणीपणाही तोच. पहिल्या चित्रपटाच्या रोखावर अरब जगाकडे मालकाच्या नजरेने बघणारा फ्रेंच माणूस आहे, तर दुसऱ्याच्या रोखावर ज्यूंविषयीचे पूर्वग्रह आणि युद्धकाळातल्या वागण्याचा सोयीस्कर विसर. पात्र पुन्हा आलं तरी घाव नव्या जागी बसला. खुद्द जॉनी इंग्लिशच्या तिसऱ्या भागातही एक तुकडा असा आहे. डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा चढवलेला जॉनी सराव करताना चुकून खोलीबाहेर पडतो आणि लंडनच्या रस्त्यांवर निरपराध माणसांना शत्रू समजून बदडत सुटतो. बाँडचा इथे संबंधच नाही. थट्टा आहे ती यंत्र दाखवील तेच खरं मानणाऱ्या काळाची, आणि हत्यार तेच जुनं, आपण बरोबरच आहोत अशी पक्की खात्री असलेल्या माणसाची धडपड. हा चित्रपट इतरत्र रेंगाळतो, पण या तुकड्याला शिळा म्हणण्याची सोय नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशा चित्रपटाबद्दल मत देताना ‘पुन्हा तेच’ हा शेरा मारून थांबू नये. लहानांचा चित्रपट म्हणून सगळं माफही करू नये, कारण फजितीला हसणाऱ्या मुलालाही विनोदाविना ताणलेला अर्धा तास नकोसाच होतो. ही फजिती कुणाची चालली आहे, ज्याची चालली आहे तो आज खुर्चीवर बसलेला आहे की कधीच उठून गेलेला, हे विचारावं. ‘रीबॉर्न’ला हा प्रश्न विचारला तर पाठलागाला पैकीच्या पैकी गुण मिळतात, खुर्चीला आणि म्हाताऱ्या मारेकरणीला भरघोस, आणि किल्लीच्या तीन तुकड्यांना शून्य. बेरीज काठावर पास. पण कुठले गुण कशाला गेले हे सांगणारं मत निर्मात्याच्या कामाचं असतं. नुसत्या ‘पहिल्याची सर नाही’तून तो एवढंच शिकतो की पुढच्या वेळी पहिल्यासारखंच काढावं.