आधी फोनचं कव्हर काढून बघा

दिवाळीत धाकट्या भावाने बाबांसाठी वायरलेस चार्जर आणला. स्टेशनबाहेरच्या गाडीवरून, साडेतीनशे रुपयांना. रात्री फोन त्यावर ठेवला आणि अर्ध्या तासाने बाबांची हाक आली, "अगं, हा फोन बघ, धरवत नाहीये." कव्हर सोडवलं तर आत पत्र्याची पातळ चकती. गाडीतल्या मॅग्नेटवाल्या होल्डरला फोन चिकटावा म्हणून त्यांनीच ठेवलेली. तिच्या गोल कडेचा डाग कव्हरच्या रबरावर उमटला होता.

वायरलेस चार्जर म्हणजे स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीचा धाकटा भाऊच. चार्जरच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, फोनच्या पाठीतही तसंच वेटोळं. पहिल्यातल्या विजेची दिशा सेकंदाला लाखाहून जास्त वेळा पालटते आणि त्यामुळे दुसऱ्यात वीज तयार होते. मध्ये लोखंड आलं की शेगडीवरच्या पातेल्यासारखं तेच तापतं. चांगल्या चार्जरला मध्ये धातू आल्याचं कळतं आणि तो पुरवठा तोडतो. बाबांच्या चार्जरला ती अक्कल नव्हती.

ही अक्कल विकत घेताना दिसायची कशी? खोक्यावर 'ची' या मानकाची खूण असते: इंग्रजी क्यू आणि आय ही दोन अक्षरं. वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम ही संस्था चार्जर तपासून ती देते. पण खूण काय, कोणीही छापतं. 'कम्पॅटिबल' लिहिलं असेल तर तो विकणाऱ्याचा दावा, 'सर्टिफाइड' म्हणजे तपासणी झालेली. कोणकोणती मॉडेलं तपासून झाली आहेत त्याची यादी या संस्थेच्या वेबसाइटवर आहे. दुकानात उभ्या उभ्या मॉडेल नंबर टाकून बघा, दुकानदार थांबतो.

पण त्याच्याही आधी आपला फोन वायरलेस चार्ज होतो का, ते बघा. मध्यम किमतीच्या बहुतेक फोनच्या पाठीत ते वेटोळंच नसतं, मग चार्जर कितीही भारी असो, फोन ढिम्म. माझ्या ओळखीच्या दोघांनी असे चार्जर घेऊन कपाटात ठेवले आहेत.

खरी गोम अ‍ॅडॉप्टरची. स्वस्त चार्जरच्या खोक्यात चार्जिंगची चकती आणि केबल एवढंच निघतं. खोक्यावर 15 वॅट लिहिलंय म्हणून आपण खूश, आणि घरी येऊन तो जोडतो जुन्या फोनच्या 5 वॅटच्या अ‍ॅडॉप्टरला. मग फोन फारच हळू भरतो. चार्जरच्या मागे बारीक अक्षरात 'इनपुट' लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 9 व्होल्ट, 2 अँपियर. तेवढं देणारा अ‍ॅडॉप्टर घरात नसेल तर त्याची किंमत आधीच हिशेबात धरा. अ‍ॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नंबर हवा. तो नंबर बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की खरा की खोटा ते कळतं. पैसे वाचवायचेच तर चार्जरच्या लाकडी स्टँडवर, रंगीत दिव्यांवर वाचवा, अ‍ॅडॉप्टरवर नको.

कव्हर तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. मागची धातूची रिंग काढा, कव्हरमध्ये बँकेचं कार्ड ठेवू नका. रात्री फोन उशीखाली किंवा गादीवर चार्जिंगला ठेवायची सवय असेल तर ती इथे मुळीच नको, कारण केबलपेक्षा या पद्धतीत वीज जास्त वाया जाते आणि वाया गेलेली वीज म्हणजे उष्णता. फोन कोमट लागणं चालेल, चटका बसला तर बंद करा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर चार्जर त्यांच्या छातीपासून हातभर लांबच असू द्या आणि डॉक्टरांना एकदा विचारा.

आणि चार्जिंगचं भोक शाबूत असेल, घाईच्या वेळी फोन पटकन भरायचा असेल, तर चांगली केबल अजूनही स्वस्त पडते. बाबा तिच्यावरच परतलेत. ती पत्र्याची चकती मात्र त्यांनी पुन्हा कव्हरमध्ये घातली आहे, गाडीत फोन पडतो म्हणून.