हजरत बिलालांचा अभिमान आणि कोयत्याची उचल

गुलामगिरीचा विषय निघाला की आम्हा मुसलमानांची छाती फुगते. आमचे पहिले मुअज्जिन हबशी गुलाम होते, हे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगतो. दख्खनचे असू तर पाठोपाठ मलिक अंबरचे नाव घेतो. इथिओपियात जन्मलेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला जात निजामशाहीत आलेला हा माणूस त्या राज्याचा कारभारी झाला. त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले, आज छत्रपती संभाजीनगर आहे. १६२६ मध्ये मरेपर्यंत तो मोगलांशी झुंजला. हे सगळे खरे आहे. पण या दोन नावांवर आमचा हिशेब चुकता झाला, अशी जी आमची समजूत आहे, ती खोटी आहे.

मलिक अंबर ज्या बाजारांत विकला गेला, तिथे विकणारे आणि विकत घेणारे कोण होते, हे आम्ही विचारत नाही. ट्युनिसच्या अहमद बेने १८४६ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या १९ वर्षे आधी, आपल्या राज्यातली गुलामगिरी बंद केली, हे आम्ही अभिमानाने सांगावे. पण सौदी अरेबियात ती १९६२ पर्यंत आणि मॉरितानियात १९८१ पर्यंत कायदेशीर होती, हेही त्याच दमात सांगावे. सोयीचे तेवढे आठवणे म्हणजे इतिहास नव्हे, ती स्वतःची खुशामत झाली.

आणि इतिहास राहू द्या. आम्ही बीड जिल्ह्यात राहतो. दसरा-दिवाळी झाली की इथली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, कुठेही जा. घरात म्हातारी माणसे आणि दाराला कड्या. टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पार कर्नाटकातल्या कारखान्यांवर गेलेल्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांची मोजदाद हत्याराने होते, यातच सगळे आले. पावसाळ्याआधी किंवा पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कुणाच्या घरी लग्न असते, कुणाचे दवाखान्याचे बिल, कुणाच्या घरात नुसतीच भूक. ती उचल फडात वाकून फेडायची. पट्टा पडला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर.

एक दिवस काम बुडाले तर खाडा. गेली काही वर्षे रमजान तोडीच्या हंगामात येतो आहे. रोजा सुटला तर त्याची कजा आहे. खाड्याला कजा नाही, तो पैशातच भरावा लागतो. बाईची पाळी, गर्भारपण, ताप यांनाही खाड्यातून सुटका नाही. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. कारणे अनेक सांगितली गेली. पण गर्भाशय असणे हेच ज्या कामात नुकसानीचे ठरते, त्या कामाला निव्वळ मजुरी म्हणताना आमची जीभ अडखळते.

त्या टोळ्यांत वंजारी आहेत, दलित आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत आणि आमचेही लोक आहेत. मुकादमांतही आमचे लोक आहेत. जुम्म्याला उचल देणारा आणि उचल घेणारा एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सलाम फिरवला की एकाच्या खिशात दुसऱ्याच्या अंगठ्याचा कागद असतो. महमूद आणि अयाज एका रांगेत उभे राहिले, ही गोष्ट आम्ही किती काळ उगाळणार? मशिदीबाहेर पडल्यावर कोण कोणाचा, हे कधी विचारणार?

यावर आमच्यातलेच शहाणे म्हणतात, "हे गुलाम कुठले? राजीखुशीने उचल घेतात, करार करतात. यांना कोणी बाजारात विकले नाही." खरे आहे. फडात कायद्याने चाबूक चालत नाही, पोरे आईपासून तोडून लिलावात उभी केली जात नाहीत. हा फरक लहान नाही आणि आम्ही तो पुसत नाही. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, भुकेने भाग पाडणे हीसुद्धा सक्तीच आहे, असे सांगितले. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अगाऊ रकमेपायी दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणाऱ्याला वेठबिगार मानले, त्याचे ते कर्जच रद्द केले, आणि हे कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. त्या कायद्यात जुन्या पद्धतींची यादी आहे. तीत 'भगेला' हे निजामाच्या राज्यातले नाव आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. म्हणजे राजा मुसलमान असल्याने वेठ थांबली नव्हती, हेही आम्ही नीट ऐकून ठेवावे. कायदा स्पष्ट आहे. तो उचलीला लावून पाहण्याची हिंमत तेवढी कोणी करत नाही.

मुकादम म्हणतो, "टोळी उचल घेऊन पळाली तर मी बुडतो." तेही खरे आहे. तो स्वतः कारखान्याच्या नाहीतर वाहतूकदाराच्या पैशात अडकलेला असतो. पण साखळीतली मधली कडी दोन्हीकडून ताणली जाते, म्हणून ती साखळीची नाही असे होत नाही.

इथे अमेरिकेकडे बघावे लागते. ती गोष्ट आम्हाला लिंकनपासून लिंकनपर्यंत शिकवली गेली. वास्तविक लिंकनच्या जाहीरनाम्याच्या ३२ वर्षे आधी, १ जानेवारी १८३१ रोजी, विल्यम लॉइड गॅरिसन याने बोस्टनमध्ये 'लिबरेटर' हे साप्ताहिक काढले आणि हळूहळू नव्हे, आत्ता, ताबडतोब मुक्ती मागितली. त्याला शिव्या पडल्या, दोरीने बांधून रस्त्यातून ओढले गेले. १८३८ मध्ये फ्रेडरिक डग्लस पळून सुटला आणि १८४५ मध्ये स्वतःची हकीकत स्वतः लिहून त्याने गुलामीला माणसाचा आवाज दिला. हॅरिएट टबमन एकदा सुटली आणि इतरांना सोडवायला पुन्हा पुन्हा परत गेली. १८५० मध्ये सरकारने पळालेल्या गुलामाला पकडून देणे मुक्त राज्यांतल्या माणसांवरही बंधनकारक केले, तेव्हा अनेक सरळ माणसांनी सरळ कायदा मोडला.

आणि धर्म? एकच बायबल हातात घेऊन एक जण गुलाम सोडवत होता, दुसरा गुलाम राखत होता. १८४५ मध्ये दक्षिणेतले बाप्टिस्ट याच प्रश्नावर वेगळे निघाले. त्यांच्या संघटनेला त्याबद्दल माफी मागायला १९९५ साल उजाडावे लागले. दीडशे वर्षे! आमच्या मिंबरांनी एवढा वेळ लावू नये.

त्याच १८३१ साली नॉर्थ कॅरोलिनात उमर इब्न सैद नावाच्या एका गुलामाने आपले चरित्र अरबीत लिहिले. पश्चिम आफ्रिकेत शिकलेला हा आलिम १८०७ मध्ये पकडून नेला गेला होता. चरित्राची सुरुवात त्याने सूरह मुल्कने केली. मालकी अल्लाहची आहे, हे त्याने मालकाच्या घरात बसून लिहिले. तो सुटला नाही. गुलाम म्हणूनच वारला. आमचा वारसा सांगायचा तर सत्तेवर चढलेल्या मलिक अंबरच्या शेजारी या न सुटलेल्या माणसालाही बसवले पाहिजे.

१८६५ च्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत गुलामगिरी संपली. मग काय झाले? सुटलेला माणूस बटाईने जमीन कसू लागला आणि मालकाच्या दुकानातल्या वहीत अडकला. कर्जापायी राबवण्याविरुद्ध १८६७ मध्ये तिथे वेगळा कायदा करावा लागला, तरी ते पुढे कित्येक दशके चालूच राहिले. साखळी तुटली, वही उरली. आमची उचल ही त्या साखळीची नव्हे, त्या वहीची बहीण आहे.

हा संबंध आमच्याआधी एका मराठी माणसाने ओळखला होता. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी शूद्र-अतिशूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. अमेरिकेला वाहवा देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी आरसा आपल्या गावाकडे वळवला.

तो आरसा साखरेकडे वळवू. १७९१ नंतर इंग्लंडात वेस्ट इंडिजच्या गुलामांनी पिकवलेल्या साखरेवर बहिष्कार पडला. सुमारे ३ लाख माणसांनी ती सोडली, असा क्लार्कसनचा अंदाज होता. अमेरिकेतल्या क्वेकरांनीही पुढे गुलामांच्या हातचा माल वर्ज्य केला. इंग्लंडात साखरेची भांडी विकली जात आणि त्यांवर लिहिलेले असे की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. म्हणजे आपल्या हिंदुस्थानची! त्या काळी आपल्याकडेही दास होते, हे त्या ग्राहकांना कितपत ठाऊक होते कोण जाणे. पण निदान त्यांनी भांड्याकडे बघून प्रश्न विचारला. आज आमच्या घरातल्या डब्यावर तेच वाक्य लिहायला आमचा हात धजेल का?

साखर सोडा, असे आम्ही म्हणत नाही. कारखाना बंद पडला तर पहिली उपाशी राहील ती टोळीच. आमचे म्हणणे साधे आहे. जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत बंधनात पडलेल्यांची मान सोडवणे आहे आणि कर्जात बुडालेलेही आहेत. कोयता दोन्हींत बसतो. मग जकातीच्या समित्यांच्या यादीत तो का नसतो? त्या पैशातून मुकादमाची थैली भरा, असे नव्हे. दवाखाना, लग्न आणि पावसाळ्यातली भूक, ज्या तीन दारांतून उचल घरात शिरते, ती दारे आधी अडवा. मदत मागणाऱ्याची जात-जमात विचारू नका. वंजाऱ्याच्या आणि दलिताच्या डोक्यावरची उचल तेवढीच जड असते. आमच्यातल्या मुकादमांनी हिशेबाची वही मजुराला वाचता येईल अशी लिहावी आणि बाईचे पैसे बाईच्या हातात द्यावेत. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती हवी. ती केव्हा बसली आणि तिने काय केले, हे आमच्या सुशिक्षितांनी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावे. आणि खतीब साहेबांनी हंगामाच्या आधीच्या एका जुम्म्याला हजरत बिलालांची गोष्ट सांगावी, पण ती मक्केत थांबवू नये, फडापर्यंत आणावी.

यावर आमच्यातले काही रागावतील. आधीच समाजावर काय कमी आरोप आहेत, त्यात घरातली धुणी कशाला बाहेर काढता, असे म्हणतील. गॅरिसनलाही त्याचे लोक हेच म्हणत होते. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची वाटी हातात येईल, तेव्हा तिच्यातली साखर कोणाच्या रोज्यातून आली, एवढे आम्ही स्वतःला विचारू. उत्तर देता आले नाही, तर बिलालांचे नाव घेताना निदान आवाज खाली ठेवू.